डबा ठेवावा, पुढे करू नये

सिंगापूरमध्ये रस्त्यावर उभं राहून बासरी वाजवायची तर परवाना लागतो, असं मी सांगितलं की पुण्याची माझी नणंद आधी पोटभर हसते आणि मग विचारते, “आणि वहिनी, ऐकायला?” ऐकायला लागत नाही. पण गळ्यात ओळखपत्र अडकवून मी त्या परवान्यांची राखण करत हिंडत होते, त्या दिवसांत मला कुणी मुभा दिली असती तर मी ऐकणाऱ्यांनाही उंचीप्रमाणे रांगेत उभं केलं असतं. तेव्हाची मी म्हणजे एक प्रकरणच होतं. आज ती बाई समोरून आली तर मी पलीकडच्या फुटपाथवर जाईन.

तेव्हा मी तरुण होते. म्हणजे पन्नाशी नुकतीच उलटली होती. आमच्या ह्यांनी सगळा जन्म जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढला आणि केस पिकल्यावर कंपनीने त्यांना सिंगापूरच्या ऑफिसात, किनाऱ्यावर, खुर्चीत बसवलं. मी पुण्यात एका नाट्यगृहाच्या कार्यालयात तारखा देण्याचं काम करायचे. ते सोडून क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमध्ये आले आणि थोड्याच दिवसांत भिंतींशी भांडायला लागले. कायम समुद्रावर असलेला नवरा रोज संध्याकाळी घरी येतो, हा धक्का काही लहान नसतो. शेवटी हेच म्हणाले, “शैला, तू एखादी नोकरी बघ. इंजिनरूममध्ये इतका आवाज नव्हता.”

तांजोंग पगारला एका जुन्या दुकानाच्या माडीवर एक छोटी कंपनी होती. चौक, मॉलबाहेरच्या मोकळ्या जागा, एमआरटी म्हणजे तिथल्या मेट्रोच्या स्टेशनांची तोंडं, इथे होणारे कार्यक्रम ती कंत्राटावर सांभाळायची आणि तिथे खेळ करणाऱ्या कलाकारांवर देखरेख ठेवायची. तिथली मुख्य होती मिस गोह. माझ्या मुलीच्या वयाची, चालतानाही फोनवर टाइप करणारी. तिने विचारलं, “आर्टिस्ट लोकांची सवय आहे?”

मी म्हटलं, “दिवाळीतल्या रविवार दुपारच्या एका तारखेसाठी दोन नाट्यनिर्माते माझ्या टेबलापुढे बाह्या सरसावून उभे राहिलेले आहेत. दोघांना चहा पाजून परत पाठवलंय.”

“तारीख कुणाला दिली?”

“तिसऱ्याला.”

मिस गोहने पहिल्यांदाच फोन खाली ठेवला. ह्यांच्या नोकरीमुळे मिळालेल्या माझ्या राहण्याच्या पासवर कामाची परवानगी निघाली आणि मी रुजू झाले. म्हणजे दुसऱ्यांचे परवाने तपासणारी मी स्वतःच परवान्यावर होते, पण हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

बाहेरच्यांना हे काम कसं असतं ते सांगायला हवं. आपल्याकडे रस्त्यात कुणी गायला लागलं की आपण दोनच गोष्टी ठरवतो: बिचारा आहे किंवा वेडा आहे. तिथे मधे एक तिसरी गोष्ट होती, कार्ड. कार्ड मिळवायला परीक्षकांपुढे कला दाखवायची. मिळालं की ठरवून दिलेल्या जागांवर, ठरलेल्या वेळात खेळ करायचा. दुकानाच्या दारापासून लांब राहायचं, चालणाऱ्यांची वाट अडवायची नाही, आवाज बेताचा. विस्तव, सुऱ्या, जनावरं बंद. काही विकायचं नाही. जमिनीवर खडू-रंगाची खूण करायची नाही. पुढे एक डबा किंवा टोपी ठेवायला परवानगी. ज्याला वाटेल त्याने त्यात टाकावं. पण तोच डबा उचलून लोकांपुढे धरला की ती भीक, आणि भीक मागायला तिथे बंदी. डबा ठेवला तर कलाकार, डबा पुढे केला तर भिकारी. एवढ्याशा अंतरावर आमचं सगळं खातं उभं होतं.

मला हे इतकं पटलं की मी त्या नियमांच्या प्रेमातच पडले. पर्समध्ये एक टेप आणि आवाज मोजायचं यंत्र सदैव असायचं. ते यंत्र मी आमच्या तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीतही नेलं. शेवटच्या आरतीला पोरं झांजांवर तुटून पडली, तशी मी यंत्र बाहेर काढलं, आकडा बघितला आणि चक्क हात वर करून आरती थांबवली! “जरा हळू,” म्हटलं, “हा आकडा बरोबर नाही.”  मग ज्यांच्या हातात ताट होतं त्या देशमुखकाकू म्हणाल्या, “अगं शैला, बाप्पा गेली कित्येक वर्षं परवान्यावर आहे. तुझं कधी संपतंय ते बघ.” आणि झांजा दुप्पट जोराने सुरू झाल्या. त्या दिवशी माझ्या पानात मोदक फुटका आला. योगायोग असेल.

कलाकार नाना तऱ्हेचे. एक बाई फुग्यांचे प्राणी करायची आणि मुलांनी पैसे टाकले नाहीत तर प्राण्याचा एक पाय कमी करायची. एक तरुण पुतळा होऊन उभा राहायचा. त्याच्याकडे कार्ड मागितलं तर हलायला तयार नाही, कारण हलला तर खेळ मोडतो! मी त्याच्यापुढे उभी, तो माझ्यापुढे उभा. दोघांपैकी पुतळा कोण, ह्यावर लोकांनी फोटो काढले. एकदा उत्सवासाठी युरोपातून एक उंच पोरगा आला होता, एकचाकी सायकलवर चेंडू झेलणारा. त्याने सांगितलं, तिकडे दर शहराचं तंत्र वेगळं. कुठे थोडा वेळ वाजवलं की गल्ली बदलायची, कुठे सकाळी जाऊन त्या दिवसापुरती चिठ्ठी आणायची, कुठे वाद्य बघून नाक मुरडतात. मी ऐटीत विचारलं, “मग आमचं कसं वाटलं?” तो म्हणाला, “तिकडे इन्स्पेक्टर घड्याळ घेऊन येतो. तुम्ही टेप घेऊन येता, पण पाण्याची बाटलीही आणता.” पाणी मी माझ्यासाठी आणलेलं होतं. त्याने पिऊन टाकल्यावर मी काय बोलणार!

पण मला सांगायचंय ते अंकल टानविषयी.

आंग मो किओला स्टेशनाबाहेर एक झाडाखालची जागा होती. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी तिथे गेले, तर जागा रिकामी आणि बरोबर मधोमध टिश्यूची एक पुडी पडलेली. इतक्या स्वच्छ शहरात कचरा! मी पुडी चिमटीत उचलली, कचरापेटीत टाकली आणि हात झटकले. तेवढ्यात मागून, वाक्याला ‘लाह’ची तिथली शेपटी लावून, आवाज आला, “मॅडम, तुम्ही माझी जागा फेकून दिली लाह.”

मागे एक बारीक, टक्कल पडलेला चिनी म्हातारा. एका हातात प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घेतलेली गरम कॉफी, दुसऱ्या हातात जुनी बॅग. हे अंकल टान. पूर्वी बसच्या डेपोत मेकॅनिक, निवृत्तीनंतर जादूगार.

हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या टपऱ्यांत, जेवण घ्यायला जाताना टेबलावर टिश्यूची पुडी ठेवायची, की ती जागा आपली. परत येईपर्यंत कुणी बसत नाही. ही तिथली रीत मला माहीत नव्हती. खरं तर एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात जिचं अर्धं आयुष्य गेलं, तिला हे बघताक्षणी कळायला हवं होतं. पण गळ्यात ओळखपत्र असलं की माणसाला रुमाल आठवत नाही.

मी म्हटलं, “अंकल, जागा राखून ठेवायची नाही असा नियम आहे.”

“नियम ओके,” ते शांतपणे म्हणाले. “पण टिश्यू म्हणजे टिश्यू.”

“कार्ड दाखवा.”

त्यांनी कार्ड दाखवलं आणि डोळे मिचकावले. “मी इथे जन्मलो, मला उभं राहायला कार्ड लागतं. तुम्ही काल आलात, तुम्ही माझं कार्ड बघता. मॅडम, ह्याच्यापुढे माझी जादू काहीच नाही.”

घरी येऊन हे सांगितलं तर आमचे हे इतके हसले की चहा सांडला. मला काय हसण्यासारखं आहे ते कळलं नाही. कळायला दोन-तीन वर्षं गेली.

अंकलची गर्दी जमवायची एक पद्धत होती. बाकीचे लोक स्पीकर लावतात, ओरडतात. हे बाटलीतून पाण्याची बारीक धार सोडत जमिनीवर मोठं गोल रिंगण काढायचे. खडूला बंदी होती, पाण्याविषयी नियमात काही नव्हतं. रिंगण काढून झालं की मधे उभं राहायचं आणि गप्प त्याच्याकडे बघायचं. उन्हाने पाणी सुकायला लागतं. जाणारा थांबतो, हा म्हातारा काय बघतोय म्हणून. मग दुसरा थांबतो. “पाणी सुकायच्या आत माणसं आली नाहीत,” अंकल सांगायचे, “तर सामान भरायचं आणि नूडल्स खायला जायचं. त्या दिवशी आपली जादू लोकांना नको असते.” पण माणसं यायचीच. आणि रिंगणाच्या कडेला त्यांच्याच इमारतीतल्या तीन-चार आँट्या भाजीच्या पिशव्या घेऊन ठरलेल्या. त्यांचं काम ‘आह टान’ अशी घरगुती हाक मारून अंकलची उणीदुणी काढणं. “आह टान, हे तर मागच्या आठवड्यात पण केलं!” “आह टान, बाहीत काय लपवलं?” अंकल त्यांना हॉकियन ह्या आपल्या चिनी बोलीत काहीतरी परत ऐकवायचे, लोक हसायचे, आणि त्या हशात नाणं गायब व्हायचं.

मी मात्र आवाज मोजायचा, वाट मोकळी आहे ना बघायचं, कार्डाची तारीख बघायची आणि पुढच्या जागेवर निघायचं. खेळ बघत बसणं आमच्या कामात नव्हतं. इतक्या वर्षांत मी अंकलचा एकही खेळ पुरता पाहिला नाही. बसून तर कधीच नाही. ओळखपत्रवाली बाई बसलेली दिसली तर अधिकार जातो, अशी माझी समजूत होती.

मग एका वर्षी कार्डांच्या नूतनीकरणासाठी जुन्या लोकांनाही पुन्हा परीक्षा द्यायला सांगितलं. परीक्षा घ्यायला आमच्या माडीवरची मीटिंगची खोली. मोठा एसी, राखाडी गालिचा, लांब टेबलामागे बाहेरून बोलावलेले तीन परीक्षक. त्यांनी काही बोलायचं नाही, चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही, हाही नियम. वेळ लावायला मी.

अंकल इस्त्रीचा शर्ट घालून आले. गालिच्यावर पाणी ओतता येत नव्हतं. समोर तीन दगडी चेहरे. खोलीत एसीची घरघर सोडून आवाज नाही. त्यांनी नाणं हातात घेतलं, आणि मला पहिल्यांदाच दिसलं की त्यांचे हात थरथरतात. रस्त्यावर, गोंगाटात, ते कधी लक्षातच आलं नव्हतं. नाणं बोटांतून सुटलं, गालिच्यावर पडलं. गालिच्यामुळे त्याचाही आवाज झाला नाही.

अंकल नापास झाले. पुन्हा एकच संधी होती.

मी निकाल सांगायला आंग मो किओला गेले. ते इमारतीखालच्या मोकळ्या जागेत दगडी टेबलाशी बसले होते. मी म्हटलं, “अंकल, एवढं काय? डब्यातल्या पैशांवर तुमचं काही अडत नाही.”

“पैसा नाही, मॅडम.” ते आपल्या हातांकडे बघत होते. “माझा मुलगा म्हणतो, पा, बस झालं, घरी बस, टीव्ही बघ. मी म्हणतो, माझ्याकडे कार्ड आहे, मला कामावर जायचंय. कार्ड आहे तोवर मी जादूगार. कार्ड गेलं की नुसता म्हातारा.”

 मी परत आले. आणि रात्री जेवताना ह्यांना सांगितलं तर ते भातावर आमटी घेत म्हणाले, “इंजिन डेकवर ठेवून चालू केलं तर ते चालत नाही गं. त्याला त्याची जागा लागते.” आमचे हे क्वचितच बोलतात, आणि बोलतात ते इंजिनाविषयीच. पण उठून भांडी घासता घासता माझ्या डोक्यात उजेड पडला.

दुसऱ्या दिवशी मी नियम पुन्हा वाचले. जे नियम मी दुसऱ्यांना अडवायला पाठ केले होते, ते पहिल्यांदाच कुणाला सोडवायला वाचले. लिहिलं होतं: कलाकाराने खेळाला लागणारं साहित्य स्वतः आणावं. विस्तव नको, सुरी नको, जनावर नको. बास.

मी अंकलना फोन केला. “अंकल, परीक्षेला लागेल ते सगळं साहित्य आणायला परवानगी आहे.”

“माझी बॅग छोटी आहे, मॅडम.”

“नीट आठवा. आंग मो किओला खेळ करताना काय काय लागतं? सगळं. जे उणीदुणी काढतं, तेही.”

 मग ते हळूच म्हणाले, “मॅडम, तुम्ही फार वाईट बाई आहात.” इतकं चांगलं प्रशस्तिपत्रक मला पुण्यातही कुणी दिलं नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी जिन्यावर धाडधाड आवाज झाला आणि अंकलच्या मागून चार आँट्या, हातात प्लास्टिकची स्टुलं, काखेत भाजीच्या पिशव्या, आत आल्या. मिस गोह धावत आली. “हे काय? हे कोण लोक?”

“माझं साहित्य,” अंकल म्हणाले.

मिस गोहने माझ्याकडे बघितलं. मी नियमांच्या पानाकडे. “विस्तव नाही, सुरी नाही,” मी म्हटलं. “आणि ह्यांना जनावर म्हणायची माझी तर छाती नाही. तुम्ही म्हणून बघा.”

मिस गोहने त्या चौघींकडे एकदा नीट बघितलं आणि ती दारातून बाजूला झाली.

आँट्यांनी गालिच्यावर स्टुलांचं रिंगण केलं. अंकल मधे उभे. त्यांनी नाणं काढलं. हात थरथरत होते. खोली पुन्हा तशीच गार, तशीच गप्प. मी घड्याळ हातात धरून उभी. तेवढ्यात सगळ्यात जाड्या आँटीने मोठ्याने ठणकावलं, “आह टान! हात कसे हलतायत बघ! म्हातारा झालास लाह!”

मला वाटलं, संपलं. पण अंकल तिच्याकडे वळले आणि ज्या आवाजात ते झाडाखाली बोलायचे त्याच आवाजात म्हणाले, “मी हलत नाही. नाणं हलतंय. पहिल्यांदाच एसीत आलंय, त्याला थंडी वाजते.” आणि ते थरथरणारं नाणं त्यांनी आँटीच्या कोथिंबिरीच्या जुडीत गुंडाळलं, जुडी झटकली, आणि नाणं नव्हतंच. “गेलं घरी,” ते म्हणाले, “स्वेटर आणायला.”

एका परीक्षकाच्या तोंडून फस्सकन हसू सुटलं. मग दुसऱ्याच्या. नियमाने हसायला बंदी होती, पण ते टिपून ठेवणं माझं काम होतं, आणि मी त्या वेळी घड्याळाला चावी देत होते. घड्याळ बॅटरीचं होतं.

अंकलना कार्ड मिळालं. जिना उतरताना आँट्या त्यांना बोलतच होत्या, की कोथिंबीर फुकट गेली.

पुढे काही वर्षांनी माझ्या मुलीकडे गोड बातमी आली आणि मी नोकरी सोडायचं ठरवलं. आता ती नात मला “आजी, कॅनॉट लाह!”, म्हणजे असं चालायचं नाही, म्हणून दमात घेते, आणि तिचं ऐकताना मला माझ्याच जुन्या आवाजाची आठवण येते. शेवटच्या दिवशी सगळ्या जागांवर जाऊन निरोप घेतला. सगळ्यात शेवटी आंग मो किओ. दुसऱ्या दिवशी सकाळी ओळखपत्र ऑफिसात जमा करायचं होतं.

अंकलचं रिंगण अर्धं सुकलं होतं, गर्दी जमली होती. मी नेहमीप्रमाणे कडेला उभी राहिले. अंकलनी खेळ थांबवला आणि बोट दाखवलं. रिंगणाच्या अगदी पुढे, आँट्यांच्या मधोमध, एक रिकामं स्टूल होतं. त्याच्यावर टिश्यूची पुडी.

“मॅडम, तुमची जागा,” ते म्हणाले. “ह्या वेळी फेकू नका.”

मी पुडी उचलून स्टुलाशेजारी ठेवली आणि बसले. कामाच्या इतक्या वर्षांत पहिल्यांदा. जाड्या आँटीने सरकून पिशवी बाजूला घेतली आणि मला कोपराने ढोसत म्हणाली, “तूही काहीतरी बोल, नुसती बसू नको.” मी ओरडले, “अंकल, हे मागच्या आठवड्यात केलं होतं!” माझा आवाज मंडळाच्या आरतीपेक्षा मोठा होता. यंत्र पर्समध्ये पडून राहिलं.

खेळाच्या शेवटी त्यांनी माझ्याकडे ओळखपत्र मागितलं. मी गळ्यातून काढून दिलं. त्यांनी थरथरत्या हातांनी ते रुमालाखाली धरलं, रुमाल झटकला, आणि ओळखपत्र गेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात पुढे करून बसले. अंकल म्हणाले, “आता कशाला? नोकरी संपली.” गर्दी पांगली. मी मागे लागले, “अंकल, उद्या जमा करायचंय, द्या ना!” ते सामान भरत राहिले, डब्यातली नाणी बॅगेत ओतली, आणि निघताना स्टुलाशेजारची पुडी माझ्या हातात दिली. “टिश्यू राहिली मॅडम. वाया घालवू नका.”

एमआरटीत बसल्यावर नाक पुसायला ती पुडी फोडली. न फोडलेलीच पुडी होती, कडा चिकटलेल्या, मी नीट बघितल्या होत्या. आतल्या दोन टिश्यूंच्या घडीत माझं ओळखपत्र.

त्या हातांकडे मी किती वर्षं तपासायला बघत आले होते, आणि ह्या खेपेला तर अगदी समोर बसले होते. तरी काही दिसलं नाही.

ओळखपत्रावर नोकरीच्या पहिल्या आठवड्यातला फोटो होता. भुवया चढवलेली, ओठ आवळलेली, नियम पाठ असलेली ती बाई. जिने टिश्यूची पुडी चिमटीत धरून कचऱ्यात टाकली होती, ती टिश्यूत गुंडाळून माझ्या मांडीवर परत आली होती. मी तिला जरा वेळ बघितलं, आणि पुन्हा घडीत ठेवून दिलं. आंग मो किओपासून क्वीन्सटाउनपर्यंत बराच वेळ लागतो. बाहेर ऊन होतं, आणि मला कुठे उतरून काही तपासायचं नव्हतं.